नुकसानीच्या तक्त्यातल्या कामगाराचं पुढे काय होतं?

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : आयातीमुळे बंद पडलेल्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी स्वतंत्र साहाय्य योजना

महोदय,

आपणा दोघांना हे एकच पत्र लिहिते आहे. परदेशी माल देशात कोणत्या अटीवर यावा हे एक मंत्रालय पाहतं आणि कारखाना बंद पडला की कामगाराला काय मिळावं हे दुसरं. पहिल्या मंत्रालयाच्या फायलीत ज्यांची नोंद होते, तीच माणसं पुढे दुसऱ्या मंत्रालयाच्या खिडकीवर उभी असतात. पण पहिल्या फायलीतला कागद दुसऱ्या खिडकीपर्यंत कधीच पोहोचत नाही.

मी पिंपरी-चिंचवडची. औषधाचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी नोकरी केली. मस्टर, पगारपत्रक, ईएसआयचे म्हणजे कामगार राज्य विम्याचे फॉर्म, पीएफची चलनं हे माझं काम. चीनहून येणारा माल आमच्या उत्पादनखर्चापेक्षा कमी दरात बाजारात मिळू लागला, तसा एकेक विभाग थंडावत गेला आणि शेवटी गेटला कुलूप लागलं. त्यानंतर आजूबाजूच्या कारखान्यांतून कमी झालेले लोक कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागले, ते अजून येतात. पीएफ अडकलेला असतो, ग्रॅच्युइटीचा हिशेब चुकलेला असतो, ईएसआयचं कार्ड बंद झालेलं असतं. त्यांचे अर्ज लिहिता लिहिता जे दिसलं, ते आपल्यापुढे मांडते.

वाणिज्य मंत्रिमहोदय, आपल्या मंत्रालयाच्या व्यापार उपाययोजना महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीटीआरचे, अंतिम निष्कर्ष कुणालाही वाचता येतात. मी ते वाचते. परदेशी माल पडेल भावाने देशात ओतला जातोय अशी तक्रार आली, की त्यामुळे देशी उद्योगाचं नुकसान झालं का हे तपासलं जातं. काय काय तपासायचं ते १९९५ च्या अँटी-डंपिंग नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टात लिहिलेलं आहे : विक्री, नफा, बाजारातला वाटा, साठा, रोखीची आवक, आणि त्याच यादीत रोजगार व वेतन. प्रत्येक निष्कर्षात त्याचा तक्ता असतो. कंपनीची माहिती गोपनीय म्हणून खऱ्या आकड्यांच्या जागी तारे छापलेले असतात आणि खाली पहिल्या वर्षाला १०० धरून पुढच्या वर्षांचा कल दिलेला असतो. कामगारांच्या संख्येचाही तसाच. त्या ओळीत १०० च्या खाली जे काही उतरतं, ती कुणाची तरी गेलेली नोकरी असते.

नुकसान सिद्ध झालं की डीजीटीआर त्या मालावर अँटी-डंपिंग शुल्काची शिफारस करतं, अर्थ मंत्रालय तीन महिन्यांत ठरवतं, आणि शुल्क लागलं तर साधारण पाच वर्षं राहतं. शुल्काचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. किमतीचं संरक्षण कंपनीला मिळतं. ज्याची नोकरी गेल्याचा पुरावा त्या तक्त्यात होता, त्याला या सगळ्यातून काहीही मिळत नाही. कधी कधी तर डीजीटीआर नुकसान झाल्याचं मान्य करतं आणि अर्थ मंत्रालय शुल्क लावायचं नाकारतं. स्वस्त कच्च्या मालावर चालणाऱ्या दुसऱ्या उद्योगांचा विचार करून तसा निर्णय घ्यायचा सरकारला अधिकार आहे, आणि काही वेळा तो बरोबरही असेल. पण तेव्हा तरी म्हणायला हवं की देशाच्या फायद्यासाठी या माणसांचं नुकसान आम्ही जाणूनबुजून पत्करलं, त्यांचं देणं लागतो.

आणखी एक गोष्ट. त्याच नियमांत चौकशीतले हितसंबंधी पक्ष कोण, याची व्याख्या आहे. त्यात परदेशी निर्यातदार आहे, आयातदार आहे, परदेशी सरकार आहे, देशी उत्पादक आणि त्यांच्या संघटना आहेत. माल वापरणारे उद्योग आणि ग्राहक संघटना यांनाही म्हणणं मांडण्याची संधी आहे. कामगार संघटनेचं नाव कुठेही नाही. अमेरिकेच्या कायद्यात कामगार संघटना स्वतः तक्रारदार होऊ शकते. २००९ साली चिनी टायर्सविरुद्ध तिथल्या पोलाद कामगारांच्या संघटनेनेच अर्ज केला होता, टायर कंपन्या त्यात सामील नव्हत्या, आणि ओबामा सरकारने पहिल्या वर्षाला ३५ टक्के शुल्क लावलं. आपल्याकडे मात्र मालकाने तक्रार केली तरच कामगाराचं नुकसान मोजलं जातं. मालकाने कारखाना बंद करून तोच माल आयात करून विकायचा धंदा धरला, तर मोजणारं कुणीच उरत नाही. औषधाच्या धंद्यात हे आम्ही पाहिलेलं आहे.

पिंपरीकरांना ही गोष्ट मुळापासून ठाऊक आहे. इथे सगळे ज्या कंपनीला 'एच.ए.' म्हणतात, ती हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली. सार्वजनिक क्षेत्रातला देशातला हा पहिला औषध कारखाना, आणि त्याचं काम पेनिसिलिन बनवणं. पिंपरी तेव्हा खेडं होतं. कंपनीपाठोपाठ कॉलनी आली, शाळा आली, मैदान आलं. आजही रिक्षावाल्याला 'एच.ए. ग्राउंड' एवढंच सांगावं लागतं. आंबवण्याच्या क्रियेतून औषध काढायचं हे काम पुस्तक वाचून येत नाही. मोठाल्या टाक्यांत दिवसेंदिवस बुरशी वाढवायची, हवा, तापमान, आम्लता यांवर रात्रंदिवस डोळा ठेवायचा, आणि एक चुकीचा जंतू आत शिरला तर सगळी बॅच ओतून द्यायची. वासावरून बॅच बिघडते आहे हे ओळखणारे ऑपरेटर या गावात होते.

१९९७ मध्ये कंपनी आजारी ठरली. तिच्या आजारपणाला एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. औषधांच्या किमतींवरचं नियंत्रण, जुनी यंत्रं, दिल्लीहून रेंगाळत येणारे निर्णय हेही होतं. पण चीनने प्रचंड क्षमता उभारून पेनिसिलिन-जी स्वस्तात विकायला सुरुवात केल्यावर फक्त एच.ए. नव्हे, खासगी क्षेत्रातले पेनिसिलिनचे कारखानेही एकामागून एक थांबले, आणि अँटिबायोटिक्सची मोठी निर्यात करणारा हा देश त्यांच्या मूळ कच्च्या मालासाठी चीनवर अवलंबून राहिला. एच.ए.च्या कामगारांना पुढे महिनोन्‌महिने पगाराची वाट पाहावी लागली. सरकारी औषध कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांची थकबाकी आणि व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, यांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३३० कोटी ३५ लाखांचं कर्ज मंजूर केलं, ते २०१९ च्या जुलैत.

नंतर कोरोना आला. चीनमधला पुरवठा थांबला तर आपल्या गोळ्या बनणार नाहीत, हे सगळ्यांना एकदम कळलं. २०२० च्या मार्च महिन्यात सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटींची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली. आंबवण्याच्या पद्धतीने बनणाऱ्या मालासाठी पहिली चार वर्षं विक्रीवर २० टक्के प्रोत्साहन ठेवलं. २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याला पेनिसिलिन-जी पुन्हा बनू लागलं. याचा मला मनापासून आनंद आहे. देशाचं औषध देशात बनलंच पाहिजे. पण ही योजना वाचताना पानोपानी एक प्रश्न मनात येत होता. आयातीमुळे गमावलेला उद्योग परत आणायला सरकारकडे जवळपास सात हजार कोटी रुपये आहेत आणि ते द्यावेत असं सरकारला पटलेलं आहे. म्हणजे आयातीने नुकसान झालं, ते देशाचं नुकसान होतं आणि ते सार्वजनिक पैशाने भरून काढणं योग्य आहे, हे तत्त्व मान्य आहे. मग तेच तत्त्व कंपनीला लागू होतं आणि त्या कंपनीतल्या माणसाला का होत नाही? मधल्या काळात टाक्यांवरची ती माणसं सोसायट्यांच्या गेटवर बारा बारा तासांच्या ड्युट्या करू लागली. त्यांचं कसब जपायला तेव्हा थोडा खर्च केला असता, तर आज तेच शिकवायला नव्याने सुरुवात करावी लागली नसती.

श्रम मंत्रिमहोदय, आता आपल्याकडे वळते. आमच्याकडे काहीच योजना नाही, असं आपलं मंत्रालय म्हणणार नाही आणि ते खरंही आहे. योजना आहेत. त्या माझ्या टेबलावर आल्या की काय होतं, ते सांगते.

ईएसआयखाली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे. कारखाना बंद पडला किंवा कामगाराला कपातीत काढलं तर पहिल्या वर्षी पगाराच्या निम्मा आणि दुसऱ्या वर्षी पाव भत्ता मिळतो, दवाखानाही चालू राहतो. कागदावर चांगली योजना आहे. पण तिला औद्योगिक कायद्यानुसार झालेलं क्लोजर किंवा कपात लागते, आणि तशी कपात प्रत्यक्षात फार थोड्यांच्या वाट्याला येते. मोठा कारखाना कायद्याने बंद करायचा तर सरकारची परवानगी लागते. पूर्वी १०० किंवा जास्त कामगार असले की लागायची, नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार ३०० किंवा जास्त असले की लागते. परवानगीच्या भानगडीत पडण्यापेक्षा मालक दुसरी वाट धरतो. एकेकाला केबिनमध्ये बोलावलं जातं, समोर टाइप केलेला राजीनामा ठेवला जातो आणि सांगितलं जातं, आज सही केलीस तर वर एवढे जास्त मिळतील, पुढच्या महिन्यात हेही मिळणार नाहीत. माणूस सही करतो. मुलाची फी भरायची असते, घराचा हप्ता असतो. त्या सहीनंतर कायद्याच्या नजरेत त्याला कुणी काढलेलं नसतं, तो आपण होऊन गेलेला असतो. श्रमिक कल्याण योजना त्याच्यासाठी संपली. २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना त्यापेक्षा सैल आहे, पण तिच्यातही स्वेच्छानिवृत्ती घेतलेला अपात्र ठरतो. पात्र ठरला तरी आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवस. तीन महिन्यांत नवं काम मिळेल असं ज्याने ठरवलं, त्याने पंचेचाळिशीतल्या फिटरला भोसरीत काम शोधताना पाहिलेलं नसावं.

त्यात ईएसआयची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे आणि ती २०१७ पासून तशीच आहे. जुना कायम कामगार वेतनकरारामुळे त्याच्या वर गेलेला असतो, त्यामुळे तो योजनेच्या बाहेर. ठेकेदाराकडचा कंत्राटी कामगार मर्यादेत बसतो, पण त्याला कपातीचं पत्र कुणी देत नाही. ठेकेदार फक्त सांगतो, उद्यापासून येऊ नको. म्हणजे तोही बाहेर. दोघांच्या मधली जी चिंचोळी पट्टी उरते, तेवढ्यांपुरतीच ही योजना खरी आहे.

कारखान्यांचं हे झालं. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, विटा इथली स्थिती याहून बिकट आहे. यंत्रमागावर काम करणारा माणूस पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, किंवा मीटरवर मजुरी घेतो. शेडमध्ये कामगार दहापेक्षा कमी दाखवलेले, म्हणून ईएसआय नाही, बहुतेकांना पीएफ नाही, वेतनचिठ्ठी नाही. कांडीवाला, जॉबर, वहिफणीवाला, घडीवाला हे सगळे त्या कापडावर जगतात आणि एकाचंही नाव कुठल्या रजिस्टरात सापडेल याची खात्री नाही. एप्रिल २००१ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेतल्या निकालानंतर शेवटच्या ७१५ वस्तूंवरची आयातीची संख्यात्मक बंधनं उठवली. २०११ च्या नोव्हेंबरपासून बांगलादेशासह दक्षिण आशियातल्या अल्पविकसित देशांचा जवळजवळ सगळा माल शुल्काविना येऊ लागला, त्यात तयार कपडेही होते. शेजारी गरीब देशाला बाजार द्यावा याला माझा विरोध नाही. तिथल्या शिलाई मशीनवर बसणारी बाईही कष्टाचंच खाते. पण तयार कपडा बाहेरून आला की इथल्या ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या, कापडाची मागणी तेवढी घटते. विजेचे दर, सुताच्या भावातली रोजची चढउतार आणि वर हा फटका, यात खर्चीवाल्या, म्हणजे दुसऱ्याचं कापड मजुरीवर विणून देणाऱ्या, छोट्या यंत्रमागधारकाने साचे, म्हणजे आपले माग, भंगारात किलोवर विकले. मागवाला आपल्या गावी परत गेला. उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, तेलंगणात. त्याची बेरोजगारी महाराष्ट्राच्या खात्यात पडली नाही आणि त्याच्या राज्याच्याही नाही.

मालाच्या बाबतीत सरकार हवं तेव्हा किती नेमकं वागू शकतं, हेही मी पाहते. २०२५ च्या अर्थसंकल्पात नऊ प्रकारच्या विणलेल्या होजियरी कापडावर २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांतलं जे जास्त असेल ते, असं शुल्क ठरवलं. त्याच अर्थसंकल्पात बिनधोट्याच्या (शटललेस) आणखी दोन प्रकारच्या मागांवरचं आयात शुल्क माफ केलं. दोन्ही निर्णयांमागे विचार आहे. कापड उद्योगाने आधुनिक व्हावं हे बरोबरच. पण वेगवान माग आला की कमी माणसं लागतात, हे ज्याने ती सूट लिहिली त्याला माहीत असणारच. किलोमागे ११५ रुपयांपर्यंत हिशेब करणाऱ्या त्या कागदावर उरलेल्या माणसांसाठी एक ओळ असायला हवी होती.

अशी ओळ लिहिणं या देशाला नवं नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. १५ सप्टेंबर १९८६ पासून कापड गिरणी कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना होती. खासगी गिरणी कायमची बंद पडली तर कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के अंतरिम मदत मिळायची. तीन वर्षं, उतरत्या क्रमाने. ज्याने हा क्रम ठरवला त्याला कामगाराचं घर कळत होतं. लघुउद्योग वगळले होते हा तिचा मोठा दोष, आणि कागदपत्रांत अडकून पैसे उशिरा यायचे हा दुसरा. ते दोष दूर करायचे सोडून ती योजना २०१७ मध्ये ईएसआयच्या योजनेत विलीन केली.

त्याआधी १९९२ च्या फेब्रुवारीत, उदारीकरणाच्या पहिल्याच वर्षात, राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला होता. आर्थिक बदलाची झळ ज्यांना बसेल त्यांना नवं कौशल्य आणि नवं काम देऊ, असं वचन त्यामागे होतं. प्रत्यक्षात बहुतेक पैसा सार्वजनिक कंपन्यांच्या व्हीआरएसवर गेला, नव्या कामाला लावण्याचा भाग नावापुरता उरला, आणि २००० साली निधी गुंडाळला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत पुनर्कौशल्य निधी आहे : कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा पगार भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा करायचा. पंधरा दिवसांच्या पगारात नवं कौशल्य कोणतं शिकता येईल? आयटीआयचा सर्वांत लहान अभ्यासक्रमही तेवढ्यात होत नाही. आणि पुन्हा तीच अट, कपात व्हायला हवी. राजीनाम्यावर सही केलेल्याला हे १५ दिवसही नाहीत.

मला काय हवं आहे ते आता स्पष्ट लिहिते.

डीजीटीआरने नुकसान झाल्याचा निष्कर्ष दिला की त्याची प्रत त्याच दिवशी श्रम मंत्रालयाकडे जावी आणि त्या उद्योगात मागच्या तीन वर्षांत काम गेलेल्या प्रत्येकाला आपोआप पात्र धरावं. शुल्क लागो न लागो. कोण कधी कामावर होतं हे पीएफच्या यूएएन, म्हणजे प्रत्येक कामगाराच्या कायम खाते क्रमांकाच्या, नोंदींत आहेच, कामगाराला कंपनीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावू नये. राजीनामा असो, व्हीआरएस असो, ठेकेदाराने तोंडी काढलेलं असो, एकाच गेटमधून ठराविक काळात मोठ्या संख्येने माणसं बाहेर पडली असतील तर ती कारखानाबंदीच समजावी.

जिथे मालक तक्रार करणार नाही तिथे कामगारांना स्वतः अर्ज करता यावा. अमेरिकेत १९६२ च्या कायद्यापासून आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी साहाय्य योजना होती. कोणत्याही तीन कामगारांनी सह्या करून अर्ज केला की श्रम खात्याला चौकशी करावी लागे. त्या योजनेतही पुष्कळ त्रुटी होत्या, आणि तिथल्या संसदेने मुदत न वाढवल्यामुळे १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जदारांसाठी ती थांबली. तिचं अनुकरण करा असं मी म्हणत नाही. पण तीन सह्यांचा तो नियम घेण्यासारखा आहे. तिच्यातली आणखी एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते : पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने कमी पगाराची नवी नोकरी धरली, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग दोन वर्षं, ठराविक रकमेपर्यंत, सरकार द्यायचं. पन्नाशीतल्या माणसाला संगणकाच्या वर्गात बसवून दाखला देण्यापेक्षा हे कितीतरी खरं आहे. आपल्याकडे ही वयोमर्यादा ४५ ठेवावी.

आयातीमुळेच नोकरी गेली हे सिद्ध कसं करायचं, असं अधिकारी विचारतील. पिंपरीच्या आणि इचलकरंजीच्या बाबतीत मीच वर लिहिलं आहे की कारणं मिसळलेली असतात. युरोपीय संघाचा असाच एक निधी २००७ पासून चालू आहे. सुरुवातीला तिथेही जागतिकीकरणाचा संबंध दाखवावा लागायचा. २०२१ च्या नव्या नियमांत त्यांनी ती अट सोडली. मोठी पुनर्रचना होऊन ठरलेल्या मुदतीत किमान २०० माणसांचं काम गेलं एवढं पुरतं. आपल्या छोट्या कारखान्यांसाठी २०० चा आकडा निरुपयोगी आहे, तो एका गावातल्या एका उद्योगाला मिळून लावावा. म्हणजे इचलकरंजीतल्या वेगवेगळ्या शेडमधली माणसं एकत्र मोजली जातील. त्यांच्याकडे यूएएन नाही, म्हणून यंत्रमाग कामगारांची नोंदणी ई-श्रम क्रमांकावर (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) आणि गावातल्या संघटनांच्या साक्षीवर मान्य करावी.

मदत १९८६ च्याच क्रमाने द्यावी, ७५, ५०, २५. दवाखाना तीन वर्षं चालू ठेवावा, कारण रसायनात काम केलेल्या माणसाचं दुखणं नोकरी गेल्यावर वर येतं. प्रशिक्षण राहत्या गावात द्यावं. पॅकिंगमधल्या बायका परगावच्या प्रशिक्षणाला जाऊ शकत नाहीत, हे लिहून ठेवते, कारण योजना आखताना त्यांची आठवण सहसा होत नाही.

पैसा कुठून आणायचा? आयात मालावर सीमाशुल्काच्या १० टक्के सामाजिक कल्याण अधिभार २०१८ पासून घेतला जातो. तो ज्या वित्त कायद्याने आला त्यात त्याचा हेतू लिहिलेला आहे : शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक सुरक्षा. आयातीवरच गोळा होणारा, सामाजिक सुरक्षेसाठीच गोळा होणारा हा पैसा आहे. आयातीने ज्याची सुरक्षा गेली त्याचा त्यावर पहिला हक्क नसेल तर कुणाचा असेल? या अधिभारातला ठराविक हिस्सा आणि अँटी-डंपिंग शुल्काचं उत्पन्न मिळून वेगळा निधी करावा. फक्त तो साठून राहू देऊ नये. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने उपकर सुरू झाला आणि हजारो कोटी न वापरता पडून राहिले, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कडक शब्दांत ताशेरे ओढले. म्हणून अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा याची मुदत कायद्यातच हवी, आणि ती उलटली तर पहिल्या महिन्याचा भत्ता तात्पुरता चालू व्हायला हवा.

स्वस्त मालामुळे ग्राहकाचा फायदा होतो, याचा मी अजिबात इन्कार करत नाही. माझ्या आईच्या औषधाच्या गोळ्याही त्यामुळे स्वस्त झाल्या असतील. पण तो फायदा कोट्यवधी घरांत पैशा-पैशाने वाटला जातो आणि तोटा मात्र एका गेटमधून बाहेर पडणाऱ्या काहीशे माणसांच्या अंगावर पुरता पडतो. संयुक्त अरब अमिरातीशी करार झाला, ऑस्ट्रेलियाशी झाला, २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशीही सह्या झाल्या. पुढेही करार होतील, व्हावेत. त्यांतून निर्यातीचं काम मिळालेल्यांचे आकडे आपण अभिमानाने सांगता. काम गेलेल्यांसाठी त्यांपैकी एकाही कराराच्या जोडीला देशात स्वतंत्र योजना आली नाही.

माझी विनंती आहे की दोन्ही मंत्रालयांनी या विषयावर संयुक्त बैठक बोलवावी, तिच्यात पिंपरी, इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगावच्या कामगार प्रतिनिधींना बसवावं आणि १९९५ च्या नियमांतल्या हितसंबंधी पक्षांच्या व्याख्येत कामगार संघटनेचा समावेश करण्याची दुरुस्ती याच वर्षी करावी. त्या एका दुरुस्तीला निधीही लागत नाही, संसदेचीही गरज नाही. नियम अधिसूचनेने बदलतात. बाकीच्या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावं. होकार असेल तर तारखेसह, नकार असेल तर कारणासह. ते उत्तर मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवणार आहे.

आपली विश्वासू,
कारखान्यांतून कमी झालेल्यांचे अर्ज लिहून देणारी,
पिंपरी-चिंचवडची एक माजी टाइम ऑफिस कर्मचारी